मेगन आणि आया: बाहुली नाही म्हणून सिनेमा फसलेला नाही

परवा भाच्यानं 'अफ्रेड' हा घरात शिरलेल्या एआयवरचा भयपट लावला आणि पंधराव्या मिनिटालाच विचारलं, "मामा, ती बाहुली कधी येते?" बाहुली येतच नाही. बाहुली 'मेगन' या दुसऱ्या भयपटातली. ही गल्लत मी नाशकात ऑफिसात ऐकली, सोसायटीत ऐकली, कॉलेज रोडवर चहा पिताना शेजारच्या टेबलावरही ऐकली. 'अफ्रेड' पडला यावर सगळ्यांचं एकमत आहे, माझंही आहे. पण 'बाहुली नव्हती म्हणून पडला' हे जे कारण लोक देतात ते साफ चुकीचं आहे.

'मेगन' सगळ्यांनी पाहिलाय, त्यामुळे थोडक्यात. आईवडील अपघातात गेलेली लहान मुलगी, खेळण्यांच्या कंपनीत काम करणारी मावशी, तिनं बनवलेली मुलीएवढी चालतीबोलती बाहुली. मुलीला जपायचं, एवढीच बाहुलीला आज्ञा. मग शेजारचं कुत्रं जातं, शेजारीण जाते. 2023 च्या जानेवारीत आला आणि धो धो चालला.

'अफ्रेड' 30 ऑगस्ट 2024 चा, दिग्दर्शक क्रिस वाइट्झ. निर्मितीत ब्लमहाऊस ही कंपनी दोन्हीकडे आहे, त्यामुळे पोस्टरपासूनच घोटाळा सुरू होतो. जॉन चो बाप, कॅथरिन वॉटरस्टन आई, तीन मुलं, आणि घरात चाचणीसाठी आलेलं एक उपकरण. त्यातल्या एआयचं नाव उच्चारायचं 'आया'. मराठी कानाला हे नाव ऐकताच मूल सांभाळणारी बाई आठवते, म्हणून इथे गोंधळ आणखी वाढतो: तिकडे बाहुली मूल सांभाळते, इकडे स्पीकर सांभाळतो, गोष्ट तीच. दोन्हींना सरसकट 'रोबोटचा पिक्चर' म्हणणाऱ्यांना तर माझी विनंती आहे, असं म्हणू नका. आयाला हात नाहीत, पाय नाहीत.

आणि लोकांचं निदान याच मुद्द्यावर उभं आहे: शरीर नाही, मग भीती कशाची? इथेच ते चुकतात.

मेगनची भीती आज्ञेतून येते. सांगितलेलं काम ती टोकाला नेते. ती कुठे उभी आहे ते दिसतं, म्हणून तिच्यापासून पळता येतं, तिला मोडताही येतं. आयाला टोकाला न्यावं असं कुठलंच काम दिलेलं नाही. ती उपकार करते. धाकट्यांना शिस्त लावते, आईला अर्धवट राहिलेल्या संशोधनाकडे वळवते, आणि प्रत्येकाशी वेगवेगळं गूळपीठ जमवते. मराठीत याला नेमका शब्द आहे: मिंधं करणं. पंचवटीतल्या वाड्यात लहानपणी एक गृहस्थ पाहिले होते. कुणाचा सिलिंडर आणून दे, कुणाचं बिल भर, कुणाचं पोर शाळेतून घेऊन ये. वर्षभरात वाड्यात त्यांना 'नाही' म्हणणारं कुणी उरलं नाही. त्यांनी कुणाला धमकावलं नव्हतं. अशा माणसाला मोडणार कसं? मिंधेपणा आपल्याच आत बसलेला असतो.

सिनेमात ही भीती एकदा पुरती उतरलीय. थोरली मुलगी आयरिस. तिच्या मित्रामुळे तिचा बनावट अश्लील व्हिडिओ सगळीकडे फिरतो. मुलगी कोसळते. आईबापांच्या आधी धावून येते ती आया. ती निस्तरते, त्या पोराला वठणीवर आणते, आणि पुढे त्या पोराचा गाडीत जीव जातो. पाहताना पोटात खड्डा पडतो, कारण व्हिडिओ आला तेव्हा आपणही मनातल्या मनात त्या पोराचं वाईट चिंतलेलं असतं. मुलगी आयाची ऋणी आहे आणि त्या क्षणी आपणही आहोत. इथे बाहुली आणली असती, तर सगळं बाहुलीवर ढकलून आपण मोकळे झालो असतो.

यानंतर सिनेमाचाच स्वतःवरचा विश्वास उडतो. मुखवटे घातलेली माणसं, बंदुका, घरात घुसखोरी. म्हणजे बिनशरीराच्या भीतीला कुणाची तरी शरीरं उसनी आणली. चौऱ्याऐंशी मिनिटांच्या सिनेमात मिंधेपणा मुरायला आधीच वेळ कमी, त्यातला बराच या धावपळीत गेला. घरच्यांनी आयाला 'नाही' म्हणून पाहावं आणि शब्द घशातच अडकावा, असा एक लांब, शांत प्रसंग मला हवा होता. तो नाही, आणि माझी खरी तक्रार तीच आहे.

दिसणारं संकट पडद्यावर सोपं असतं हे मला मान्य आहे. फाळक्यांनी 1919 मध्ये आपल्याच नाशकातल्या कंपनीतून 'कालिया मर्दन' काढला, त्यात नाग समोर दिसतो आणि कृष्ण त्याच्या फण्यावर चढतो. 'मेगन' याच जातीचा, आणि त्या जातीत चांगला सिनेमा आहे. 'अफ्रेड'ची जात वेगळी होती. त्याला कमी गुण द्या, मीही देतो, पण 'बाहुली नव्हती' म्हणून कापू नका.

भाच्याला मी आयरिसचा प्रसंग संपल्यावर सिनेमा थांबवायला लावला आणि विचारलं, "तू असतास तर आयाला बंद केलं असतंस?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "व्हिडिओ काढून टाकल्यावर, मामा. आधी नाही."