बॅरिस्टर नाथ पै

नाथ पै (२५ सप्टेंबर १९२२ – १८ जानेवारी १९७१) : समाजवादी नेते, संसदपटू आणि लोकसभेत प्रजासमाजवादी पक्षाची बाजू मांडणारे आघाडीचे वक्ते. जन्म वेंगुर्ल्याचा आणि मतदारसंघ कोकणातला, तरी जडणघडण बेळगावची. सीमाभागातले मराठी लोक त्यांना आपलाच खासदार मानत. प्रत्यक्षात त्यांना मत देण्याची सोय बेळगावकरांना कधीच नव्हती.

बेळगावात शिकत असतानाच ते चळवळीत ओढले गेले. १९४२च्या आंदोलनात तुरुंगवास आणि पोलिसांचा मार दोन्ही वाट्याला आले. पुढे लंडनला जाऊन ते बॅरिस्टर झाले. युरोपातल्या त्या वर्षांत समाजवादी युवकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, खानापूर, निपाणीसह मोठा मराठी मुलूख म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेला. त्यानंतरच्या १९५७ आणि १९६२च्या निवडणुकांत बेळगावातून काँग्रेसचे बळवंत नागेश दातार निवडून आले आणि केंद्रात गृहखात्याचे राज्यमंत्री राहिले. म्हणजे सीमावासीयांची तक्रार ज्या खात्याकडे, त्याच खात्यात त्यांचा अधिकृत प्रतिनिधी मंत्री! सरकारात बसलेल्याला सरकारविरुद्ध बोलता येत नाही. ती उणीव विरोधी बाकांवरून भरून काढणाऱ्यांत नाथ पै पुढे होते. १९५७, १९६२ आणि १९६७ असे तीनदा ते राजापूरमधून निवडून आले. १९६७ मध्ये या सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवण्याची शिफारस केली. महाराष्ट्राने ती नाकारली आणि प्रश्न चिघळतच राहिला.

देशाच्या राज्यघटनेच्या चर्चेत मात्र त्यांचे नाव येते ते वेगळ्याच कारणाने. फेब्रुवारी १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही, असा निकाल दिला. संसदेचा अधिकार परत मिळावा म्हणून पै यांनी त्याच वर्षी खासगी विधेयक आणले. आयुष्यभर नागरी स्वातंत्र्याची बाजू घेणाऱ्या, स्वतः तुरुंग भोगलेल्या माणसाने मूलभूत हक्क बहुमताच्या हाती सोपवावेत, हे अनेकांना पटले नाही. त्यांचा भरवसा न्यायाधीशांपेक्षा निवडून आलेल्या सभागृहावर अधिक होता. तो भाबडा होता, असे आणीबाणीनंतर म्हणणे सोपे आहे. त्या काळी ती समाजवाद्यांची विचारपूर्वक घेतलेली भूमिका होती. विधेयक मंजूर झाले नाही. १९७१च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने तेच साधले आणि १९७३ मध्ये केशवानंद भारती निकालाने त्याला घटनेच्या मूलभूत चौकटीची मर्यादा घातली. हे दोन्ही पाहायला पै नव्हते.

डिसेंबर १९७०च्या अखेरीस लोकसभा विसर्जित झाली. १७ जानेवारी हा बेळगावात सीमाप्रश्नावरच्या १९५६च्या आंदोलनातील गोळीबाराच्या हुतात्म्यांचा स्मृतिदिन. १९७१ मध्ये त्या दिवशी पै यांनी बेळगावात भाषण केले आणि त्यानंतर काही तासांतच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय अवघे ४८. राजापूरची जागा त्या वर्षी मधू दंडवते यांनी जिंकली. बेळगावात शहापूरच्या चौकाला पै यांचे नाव आहे.

सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा उमेदवार बेळगावातून लोकसभेवर कधीच गेला नाही. १९९६ मध्ये सीमाप्रश्नाकडे दिल्लीचे लक्ष वेधण्यासाठी समितीने उमेदवारांची रांगच लावली. एका जागेसाठी तब्बल ४५६ जण रिंगणात उतरले. उमेदवारांची अशी गर्दी रोखण्यासाठी त्याच वर्षी लोकसभेच्या खुल्या जागेची अनामत रक्कम ५०० रुपयांवरून १०,००० रुपये झाली.