धावल्याने शरीर झिजतं का (गैरसमज)

धावल्याने गुडघे जातात, हृदयावर ताण येऊन माणूस दगावतो, चाळिशीनंतर पळूच नये, या समजुती इथे एकत्र घेतल्यात. पुण्यात पहाटे तळजाईला किंवा वेताळ टेकडीवर गेलात तर चालणारे भरपूर दिसतात आणि पळणाऱ्याला थांबवून "अहो, गुडघ्यांची वाट लागेल" असं मनापासून सांगणारेही भेटतात. १९८३ पासून आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन भरवणाऱ्या शहरात ही काळजी टिकून आहे, कारण त्यात थोडं तथ्य आहे, फक्त ते भलत्याच जागी शोधलं जातं.

गुडघे : गुडघा टायरसारखा घासत जातो आणि त्यातलं वंगण संपतं, ही मूळ कल्पना. पण हाडांच्या टोकावरची कूर्चा जिवंत असते, तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, दाब पडला आणि सुटला की सांध्यातल्या द्रवातूनच तिला पोषण मिळतं, म्हणजे माफक दाब तिला हवाच असतो. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या आकड्यांत खुब्याचा किंवा गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस (सांध्याची झीज) हौशी धावपटूंत ३.५ टक्के, न पळणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक धावपटूंत १३.३ टक्के आढळला. यावरून पळणं हे औषधच आहे असं म्हणणं मात्र घाईचं, कारण ज्यांचे गुडघे दुखतात ते आधीच पळणं सोडतात आणि पळणाऱ्यांचं वजनही सहसा कमी असतं. वाढलेलं वजन आणि जुनी दुखापत ही गुडघ्याची जास्त खात्रीची शत्रू.

हृदय : पळून मेल्याची सगळ्यात जुनी गोष्ट मॅरेथॉनचीच, आणि तीच वादाची. ग्रीसमधल्या मॅरेथॉन या ठिकाणी अथेन्सने इराण्यांना हरवलं, ती लढाई इ.स.पू. ४९० च्या सुमाराची. तिच्यानंतर काही दशकांनी लिहिणारा ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो की फिडिपिडीस नावाचा दूत मदत मागायला अथेन्सहून स्पार्टाला, म्हणजे अंदाजे २४० किमी पळाला, पण त्यात मृत्यूचा उल्लेखच नाही. विजयाची बातमी देऊन कोसळणारा दूत येतो तो थेट हेरोडोटसनंतर पाचेकशे वर्षांनी, प्लुटार्क या ग्रीक लेखकाच्या लिखाणात, आणि तिथे त्याचं नावही वेगळं आहे, फिडिपिडीसच्या नावावर ती गोष्ट त्याच्याही नंतरच्या ल्युशियन या लेखकाकडे चढते. जवळचा साक्षीदार म्हणून हेरोडोटसलाच वजन द्यावं हे बरं. आधुनिक काळात १९८४ साली जॉगिंगचे अमेरिकन प्रचारक जिम फिक्स ५२ व्या वर्षी पळताना गेले आणि ही भीती पुन्हा उसळली, पण त्यांच्या धमन्यांत आधीच अडथळे होते आणि वडीलही त्रेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेले होते.

"जास्त पळणं न पळण्याइतकंच वाईट" हे २०१५ च्या कोपनहेगनच्या अभ्यासावरून पसरलं. त्यात जोरात पळणाऱ्यांचा गट फक्त ३६ जणांचा होता आणि मृत्यू दोन, एवढ्यावर असा निष्कर्ष उभा राहत नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी नोंदींत मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉन मिळून १ कोटी ९ लाख धावपटूंत ५९ जणांचं हृदय बंद पडलं, म्हणजे लाखात एकाहून कमी. आधीपासून हृदयाचा त्रास असेल, पळताना छातीत दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पळू नयेच.

स्त्रिया : पळल्याने गर्भाशय सरकतं ही समजूत निराधार. ऑलिंपिकमध्ये मात्र स्त्रियांची ८०० मीटर शर्यत १९२८ नंतर १९६० पर्यंत बंद होती आणि मॅरेथॉन तर १९८४ ला आली.

खऱ्या दुखापती : नडगी, टाच आणि गुडघ्याच्या वाटीमागचं दुखणं. यात सिमेंटच्या रस्त्याला फार दोष दिला जातो, पण बहुतेक वेळा कारण घाई असते, विसर्जन झालं की डिसेंबरच्या हाफसाठी नाव द्यायचं आणि महिन्याभरात अंतर दुप्पट करायचं. दम लवकर वाढतो, हाडं आणि स्नायूबंध मात्र आठवडेच्या आठवडे मागे राहतात.