इम्यून चेकपॉइंट रोधक उपचार

कर्करोगाच्या पेशींना थेट न मारता, त्यांच्यावर तुटून पडू शकणाऱ्या टी-पेशींना (प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना) मोकळे करणारी उपचारपद्धती. टी-पेशींच्या पृष्ठभागावरची काही प्रथिने ब्रेकचे काम करतात. ती नसती तर प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटली असती. या प्रथिनांना इम्यून चेकपॉइंट म्हणतात.

त्यांतले पीडी-१ उपचारांत सर्वाधिक उपयोगी ठरले आहे. अनेक गाठींच्या पेशी पीडी-एल१ हे प्रथिन अंगावर मिरवतात. ते पीडी-१ ला चिकटले, की गाठीपर्यंत पोचलेली टी-पेशीही ढिली पडते. निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही प्रतिपिंडे पीडी-१ ला आधीच धरून बसतात आणि हा जोड जुळू देत नाहीत. सीटीएलए-४ या दुसऱ्या चेकपॉइंटचा ब्रेक त्याच्याही आधी, टी-पेशी कामाला लागतानाच दाबला जातो. त्याला रोखणारे इपिलिमुमॅब २०११ मध्ये अमेरिकेत मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी मंजूर झाले; या वर्गातले ते पहिले औषध. जेम्स ॲलिसन (सीटीएलए-४) आणि तासुकु होंजो (पीडी-१) यांना २०१८ चे नोबेल मिळाले.

नागपूरकरांना हा विषय परका नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून केलेला खर्रा तासन्‌तास गालात धरला जातो, आणि गालाच्या आतल्या बाजूचा व हिरडीचा कर्करोग विदर्भात घरोघरी ऐकू येतो. गडचिरोली, चंद्रपूर, बालाघाटकडचे रुग्ण नागपुरात मेडिकलला (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात), तुकडोजी कर्करोग रुग्णालयात किंवा जामठ्याच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत येतात. अनेकांचा आजार तोवर बराच पुढे गेलेला असतो. शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या अशा रुग्णांना ही औषधे देता येतात, पण किंमत आडवी येते.

म्हणूनच मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातला, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मोलाचा. डोके व मानेच्या पुढच्या टप्प्यातील कर्करोगावर तोंडाने घ्यायच्या तीन स्वस्त औषधांना दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिग्रॅ. निवोलुमॅबची जोड दिली गेली. नेहमीची मात्रा दोन आठवड्यांना २४० मिग्रॅ. असते. वर्षभरानंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण, नुसती ती तीन औषधे घेणाऱ्यांतल्या १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. ज्या घरात उपचारासाठी शेत विकायची वेळ येते, तिथे या आकड्याचा अर्थ वेगळाच होतो.

औषध सगळ्यांना लागू पडत नाही. शिवाय ब्रेक साऱ्या शरीरातला सुटतो: थायरॉइड, आतडे, फुप्फुस, यकृत, क्वचित हृदयालाही सूज येते. हा त्रास शेवटच्या सलाइननंतर काही महिन्यांनीही उद्भवतो, जेव्हा रुग्ण गावी परतलेला असतो. तेव्हाचे जुलाब साध्या गोळीने थांबवत बसणे धोक्याचे आहे, कारण त्यांना बहुधा स्टेरॉइड लागतात. धाप लागली किंवा जुलाब सुरू झाले तर गावच्या डॉक्टरांना औषधाचे नाव आधी सांगावे, आणि उपचाराची फाइल सोबत न्यावी.