डफर

डफर हा एखाद्या कामात किंवा अभ्यासात गती नसलेल्या, पुन्हा पुन्हा सांगूनही ज्याला जमत नाही अशा माणसासाठी वापरला जाणारा इंग्रजी शब्द असून, महाराष्ट्राच्या शहरी बोलीत, विशेषतः शाळा, महाविद्यालये आणि खासगी क्लास यांच्या परिसरात, तो मराठी शब्दाइतकाच रुळला आहे. इंग्रजीत तो आता काहीसा जुनाट झाला आहे आणि त्याचा रोखही बहुधा सौम्य असतो. मराठीत मात्र तो प्रामुख्याने मुलाच्या बुद्धीवर मारलेला शेरा असतो, त्यामुळे तो अधिक लागतो.

शब्दाचे मूळ मात्र फसवणुकीच्या धंद्यात आहे. अठराव्या शतकातील लंडनमध्ये खोट्या मालाची खऱ्याच्या नावाने विक्री करणाऱ्या फेरीवाल्याला डफर म्हणत. फ्रान्सिस ग्रोज यांच्या १७८५ मधील रस्त्यावरच्या बोलीच्या कोशात या लोकांचे वर्णन आहे. स्ट्रँड रस्त्यावरील सेंट क्लेमेंट चर्चसमोरच्या वॉटर लेनच्या आसपास ते खेड्यातून आलेल्या माणसाला हटकत, आपल्यापाशी चोरट्या वाटेने आणलेला माल आहे असे भासवत आणि लंडनमध्येच स्पिटलफील्ड्स भागात तयार झालेला माल दुप्पट भावाने त्याच्या गळ्यात मारत. स्पिटलफील्ड्स ही रेशीम विणकरांची वस्ती होती. १७६६ पासून परदेशी रेशमी कापडाच्या आयातीवर इंग्लंडमध्ये बंदी असल्याने चोरून आलेल्या फ्रेंच रेशमाचे लोकांना मोठे आकर्षण होते, आणि त्याच हव्यासावर हा व्यापार चाले. म्हणजे ज्याला मूळ डफर म्हटले जाई तो गिऱ्हाईक पारखणारा, बोलण्यात तरबेज माणूस होता. आजच्या अर्थाने डफर ठरला असता तर त्याचा धंदा एक दिवसही चालला नसता.

विक्रेत्याचे हे नाव पुढे कुचकामी वस्तूला लागले आणि १८४० च्या दशकापासून कुचकामी माणसासाठीही वापरले जाऊ लागले. निस्तेज किंवा मंद या अर्थाच्या एका जुन्या स्कॉटिश शब्दाची छाप या बदलावर पडली असावी, असेही मानले जाते. वस्तूचा अर्थ ऑस्ट्रेलियात टिकून राहिला. तेथील खाणकामगार सोने न निघालेल्या खाणीला डफर म्हणत, आणि जनावरांवरील मालकाची डागणी बदलून ती पळवण्यालाही याच कुळातला शब्द मिळाला. इंग्लंडमधील गळ टाकून मासे धरणारे लोक, पाण्यावर मेफ्लाय कीटकांची दाटी होऊन ट्राउट मासे सहज गळाला लागतात त्या दिवसांना ‘डफरांचा पंधरवडा’ म्हणतात. गोल्फमध्ये चेंडूच्या आधी जमिनीवर बसलेल्या फसक्या फटक्यासाठी याच शब्दापासून क्रियापद झाले आहे. नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला जुने नाशिककर आजही गोल्फ क्लब मैदान म्हणत असले, तरी खेळातला हा अर्थ येथल्या बोलीत उतरलेला नाही.

मराठीत हा शब्द नाम आणि विशेषण अशा दोन्ही रूपांत चालतो आणि लिंगानुसार बदलत नाही: ‘तो डफर आहे’, ‘ती डफर आहे’, ‘डफर मुलांची तुकडी’. डफ या वाद्याशी त्याचा काहीही संबंध नाही. नाशिकच्या कॉलेज रोड आणि गंगापूर रोड परिसरातील विद्यार्थ्यांच्या तोंडी तो सहज ऐकू येतो. घरातील वडीलधारी माणसे त्याच प्रसंगी ‘मठ्ठ’, ‘दगड’ किंवा ‘ढ’ म्हणतात.

यांपैकी ‘ढ’ची गोष्ट नाशिककरांना डोळ्यांनी पडताळून पाहता येते. ब्राह्मी लिपीतून देवनागरी घडताना इतर अक्षरांची रूपे ओळखू न येण्याइतकी पालटली, पण ‘ढ’ जवळजवळ होता तसाच राहिला. म्हणून ज्याची प्रगती होत नाही तो ‘ढ’, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. पांडवलेण्यांत, म्हणजे त्रिरश्मी लेण्यांत, सातवाहन आणि क्षहरात या राजघराण्यांच्या काळातील ब्राह्मी लेख आहेत. तिसऱ्या लेण्यातील सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा दीर्घ लेख आणि दहाव्या लेण्यातील क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात याचे दानलेख पाहताना आजच्या वाचकाला बहुतेक अक्षरे परकी वाटतात, यावरून हे स्थित्यंतर किती मोठे होते हे कळते. दोन हजार वर्षे आपले रूप टिकवून ठेवणारे अक्षर निंदेसाठी वापरले जावे, हे प्रस्तुत लेखकाला अन्यायाचे वाटते.

शब्दाच्या वापरात एक भेद महत्त्वाचा आहे. मोठी माणसे तो स्वतःविषयी वापरतात तेव्हा क्षेत्र सांगतात: ‘हिशोबाच्या बाबतीत मी डफर आहे’, ‘स्वयंपाकात मी अगदीच डफर’. मुलाविषयी बोलताना मात्र हे क्षेत्र गळून पडते आणि गणितातील एका धड्याची अडचण त्या मुलाची कायमची ओळख बनते. वाचनातील चुका, उलटी अक्षरे, फळ्यावरचे उतरवून घेताना होणारा गोंधळ ही डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतेची लक्षणे असू शकतात. अशा विद्यार्थ्यांना प्रमाणपत्राच्या आधारे राज्य मंडळाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात, पण शेरा आधी बसला की तपासणीचा विचारच मागे पडतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणाऱ्या २००९ च्या अधिनियमाच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली असून, भर वर्गात मुलाला सतत या नावाने हिणवणे हे त्या मनाईच्या कक्षेत येऊ शकते. असा शेरा बसून शाळा सुटली, तरी शिक्षणाची वाट संपतेच असे नाही: नाशिकमध्येच १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने, शाळा अर्ध्यावर सुटलेल्या प्रौढांनाही पूर्वतयारी शिक्षणक्रमातून पदवीची वाट खुली केली.