गोव्यातला घरचा धंदा: संधी आणि वारसा

घरचा धंदा म्हणजे म्हापसा, फोंडा, मडगाव अशा बाजारातलं एखादं भुसारी दुकान, हार्डवेअर, नाहीतर घरातच खाली चालणारी खानावळ, जिथे मालक, मॅनेजर आणि कॅशियर एकच माणूस असतो, आणि म्हणूनच बाजारात काय बदलतंय ते त्याला सगळ्यात आधी कळतं.

संधी ओळखायची रीत साधी आहे, गिऱ्हाईक काय मागून रिकाम्या हाताने गेलं ते लिहून ठेवायचं. गल्ल्याशेजारी दोऱ्याने पेन बांधलेली वही असते, त्यात 'अर्धा इंची एल्बो, ३ जण' अशा ओळी, आणि तीच वस्तू आठवड्यात चार-पाचदा आली की ऑर्डर जाते. चवथीआधी, म्हणजे गणेश चतुर्थीआधी, माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या आराशीचं) सामान, पावसाआधी ताडपत्री, एवढं सगळ्यांनाच माहीत असतं, खरी नजर लागते ती मोठ्या बदलाला. २०२३ च्या जानेवारीत पेडणे तालुक्यातल्या मोपाच्या नव्या विमानतळावरून विमानं सुरू झाली, आता पेडण्यात खोल्या भाड्याने देणारे गाद्या-बादल्या विचारायला लागले तर ते आधी वहीतच दिसणार. उलट २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा फक्त खाणीच्या ट्रकांवर चालणारी गॅरेजं अडचणीत आली.

वारसा हा इथे वेगळाच विषय, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतले नियम आता २०१२ च्या गोवा उत्तराधिकार कायद्यात आहेत, तो २०१६ पासून लागू झाला. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, म्हणजे दुकान बाबांच्या नावावर असलं तरी अर्धं आईचं. बाबांच्या अर्ध्यातलंही अर्धंच मृत्युपत्राने मनासारखं देता येतं, उरलेल्यात सगळी मुलं सारखी, मग मुलगी सासरी असो की मुलगा बोटीवर. वीस वर्षं गल्ल्यावर बसलेला थोरला दुकान आपलंच धरून चालतो आणि बाबा गेल्यावर इन्व्हेंटरीची केस (कोर्टात मालमत्तेची यादी करून वाटणी) उभी राहते, तिथे वारसांत आपसात बोली लागू शकते, जास्त बोलीवाल्याला दुकान मिळतं, त्याने बाकीच्यांना पैसे चुकते करायचे. कॅश नसेल तर चालवणाऱ्याच्याच हातून धंदा जातो.

म्हणून शहाणी घरं बाबा असतानाच भागीदारी करार करतात. दोघांचीच फर्म एक गेला की संपते, त्यामुळे आई किंवा सून तिसरी भागीदार घेतात, आणि बाकी भावंडांना काय द्यायचं ते चवथीला ठरवतात, कारण तेव्हाच सगळे घरी जमतात.