कॅमेऱ्याची ओळखपरेड

शीव-कुर्ल्याला रुळांवर पाणी चढलं की अर्धं ठाणं घरातूनच ऑफिस गाठतं. नेमका अशाच सकाळी आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडतो, ‘लॅपटॉपचा कॅमेरा गेला, चांगला रिपेअरवाला सुचवा.’ यंदा तो पडला तेव्हा खाली उत्तरांची झुंबड उडाली. कोणी म्हणालं, विंडोज फॉरमॅट मारा. कोणाला स्टेशनजवळच्या एका दुकानात ‘स्क्रीन उघडून कॅमेराच बदलावा लागेल’ असं सांगितलं होतं. आणि एका काकूंनी बजावलं की बुध वक्री आहे, इतक्यात इलेक्ट्रॉनिक्सला हात लावू नका.

काकूंचं आधी मिटवतो. बुध वर्षातून तीन-चारदा, दर वेळी साधारण तीन आठवडे, आकाशात उलटा सरकताना दिसतो. आतल्या, वेगवान कक्षेतून तो पृथ्वीला मागे टाकून पुढे जातो तेव्हा आपल्याला तसा भास होतो, बाकी बुध आपल्या वाटेने सरळच चाललेला असतो. आता हिशेब करा. वर्षातले साठ-सत्तर दिवस बुध वक्री, म्हणजे वर्षभरात बिघडणाऱ्या दर पाच-सहा वस्तूंतली एक वक्री बुधाच्या काळातच बिघडणार. मिक्सरसुद्धा.

आता कॅमेरा. पडद्याच्या वरच्या कडेला दिसणाऱ्या त्या ठिपक्यामागे एक अरुंद पट्टी असते. तिच्यावर भिंग, त्यामागे सेन्सर आणि एक नियंत्रक चिप. बहुतेक कॅमेऱ्यांत हलणारा भाग एकही नसतो, त्यामुळे ही पट्टी सहसा मरत नाही. बहुतेक लॅपटॉपांत ती मदरबोर्डला यूएसबीनेच जोडलेली असते, पेन ड्राइव्ह जोडतो तशीच. फरक एवढाच की जोडणी आतल्या आत असते आणि वायर बिजागरीतून जाते. ‘कॅमेरा गेला’ याचा अर्थ म्हणूनच बहुतेकदा असा निघतो की पट्टी आणि विंडोज यांचं बोलणं कुठेतरी तुटलं. ते बोलणं कसं चालतं, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत देखणं वाटतं.

यूएसबीचं पहिलं प्रमाण जानेवारी १९९६ मध्ये आलं. ते घडवणाऱ्या इंटेलच्या चमूत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट होते. या पद्धतीत उपकरण जोडलं गेल्याची वर्दी विजेच्या दाबातून मिळते. चार तारांपैकी दोन विजेच्या, दोन माहितीच्या. माहितीच्या एका तारेला कॅमेरा दीड किलोओहमच्या रोधामार्फत सुमारे ३.३ व्होल्टवर ओढून धरतो. तारेवरचा दाब चढला की संगणकाला कळतं, पलीकडे कोणीतरी आहे. मग संगणक दोन्ही तारा निदान १० मिलिसेकंद शून्यावर दाबून ठेवतो. हा रीसेट. त्यातच दोघं एकमेकांना बारीक इशारे देऊन सेकंदाला ४८० मेगाबिटचा वेग जमेल का ते ठरवतात.

रीसेट झालेल्या उपकरणाचा पत्ता शून्य असतो. संगणक त्या पत्त्यावर विचारतो, तू कोण? उत्तर बरोबर १८ बाइटांत येतं. त्यात दोन बाइट कंपनीचा क्रमांक, दोन बाइट त्या मॉडेलचा. मग संगणक त्याला १ ते १२७ मधला एक स्वतःचा पत्ता देतो (पत्ता सात बिटांचा, म्हणून १२७ च्या पुढे जाता येत नाही) आणि सविस्तर माहिती मागतो. त्या माहितीत येतो ‘वर्ग’. आवाजाच्या उपकरणांचा वर्ग १, कीबोर्ड-माउसचा ३, प्रिंटरचा ७, पेन ड्राइव्हचा ८, आणि व्हिडिओचा १४.

या १४ वर माझा जीव आहे. पूर्वी प्रत्येक वेबकॅमसोबत एक सीडी यायची आणि ती हरवली की कॅमेरा शोभेला. २००३ मध्ये यूएसबी व्हिडिओ क्लास हे प्रमाण ठरलं आणि कॅमेऱ्याने संगणकाशी काय, कसं बोलायचं याची एकच भाषा झाली. ती बोलणारा ड्रायव्हर, म्हणजे उपकरण आणि संगणक यांच्यातला दुभाषी प्रोग्राम, विंडोजमध्ये एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून आहे, लिनक्सच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) २००८ पासून. कोणत्याही कंपनीचा कॅमेरा ‘मी १४’ म्हणाला की हा सामायिक ड्रायव्हर त्याला सांभाळतो.

नुसती ओळख पटून चित्र मात्र येत नाही. पुढे चालते ती जांभळी नाक्याच्या मंडईला शोभेल अशी घासाघीस. ड्रायव्हर म्हणतो, १२८० बाय ७२० ची चित्रं दे, सेकंदाला ३०. कॅमेरा म्हणतो, देतो, पण दाबून, म्हणजे आकार लहान करून. का, ते आकड्यांतच बघा. १२८० गुणिले ७२० म्हणजे सव्वानऊ लाखांच्या आसपास बिंदू. प्रत्येकाला दोन बाइट आणि सेकंदाला ३० चित्रं धरली तर सुमारे ५५ मेगाबाइट, म्हणजे ४४२ मेगाबिट. ४८० मध्ये हे बसेल असं वाटतं. पण वेळेवर पोचलाच पाहिजे अशा प्रवाहाला यूएसबी २.० एका मार्गावर सेकंदाच्या ८००० व्या भागात जास्तीत जास्त १०२४ बाइटांचे तीन तुकडे देते. गुणाकार केला की साडेचोवीस मेगाबाइट येतात. म्हणून कॅमेऱ्यातली चिप प्रत्येक चित्र जेपेग करून पाठवते, नाहीतर तेच चित्र सेकंदाला दहाच वेळा येतं आणि समोरच्याला तुमचा हात उड्या मारताना दिसतो. सौदा पक्का झाला की ड्रायव्हर ‘ठरलं’ असा निरोप देतो आणि मगच प्रवाह सुरू होतो.

इथे अडखळला असाल तर एवढंच धरून ठेवा की ओळख, वर्ग आणि सौदा या तिन्हींपैकी काहीही बिनसलं तरी पडदा काळाच दिसतो. ऑगस्ट २०१६ मध्ये विंडोज १० चं मोठं अपडेट आलं तेव्हा जगभर असंख्य वेबकॅम गोठले. कॅमेरे ठणठणीत होते. एकच कॅमेरा एकाच वेळी अनेक ॲपना वापरता यावा म्हणून मायक्रोसॉफ्टने मध्ये एक नवा थर घातला आणि त्या थराने ॲपना दाबलेल्या रूपातली चित्रं देणं बंद केलं. पुढच्या अपडेटमध्ये ते सावरलं गेलं.

एरवी आपल्याकडे जे घडतं ते याहून साधं. विंडोज ड्रायव्हर निवडताना वर्गापेक्षा नेमक्या कंपनीच्या आणि मॉडेलच्या क्रमांकाला जास्त मान देते. अपडेटबरोबर कंपनीचा खास ड्रायव्हर उतरला की तो सामायिक ड्रायव्हरला बाजूला सारतो. त्यात चूक असली तर कॅमेरा कालपर्यंत सुरू आणि आज बंद. विंडोजमधल्या उपकरणांच्या यादीत, म्हणजे डिव्हाइस मॅनेजरमध्ये, त्याच्या नावावर पिवळा त्रिकोण येतो. प्रॉपर्टीजमध्ये कोड १० असेल तर उपकरण दिसतंय पण सुरू होत नाही. कोड ४३ म्हणजे उपकरणानेच बिघाड कळवल्यामुळे विंडोजने ते थांबवलं. त्यासोबत नावाच्या जागी ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ दिसलं तर वर सांगितलेले ते १८ बाइटच नीट आले नाहीत. कोड २२ असेल तर कोणीतरी कॅमेरा मुद्दाम बंद करून ठेवलाय.

पहिला उपाय रीस्टार्ट. शट डाउन नव्हे. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. ते चालू असताना शट डाउन केलं की तुमची कामं बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हरांची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. बिघडलेला ड्रायव्हर बिघडलेल्या अवस्थेतच जागा होतो. रीस्टार्टमध्ये सगळं कोऱ्या पाटीवरून सुरू होतं. ‘चार वेळा बंद-चालू करून पाहिलं’ म्हणणाऱ्यांनी बहुधा हे एक केलेलं नसतं.

तेवढ्याने भागलं नाही तर कीबोर्डवरचं कॅमेऱ्याचं बटण आणि भिंगावरचं सरकतं झाकण बघून घ्या. काही लॅपटॉपांत ते बटण दाबलं की कॅमेरा डिव्हाइस मॅनेजरमधूनही गायब होतो आणि माणूस ड्रायव्हर शोधत बसतो. सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीत कॅमेऱ्याची परवानगीही पाहा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॅमेऱ्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, ‘रोल बॅक ड्रायव्हर’. ते बटण फिकट असेल, म्हणजे मागचा ड्रायव्हर जपलेलाच नसेल, तर ‘अपडेट ड्रायव्हर’मध्ये जाऊन आपल्याच संगणकावरून शोधण्याचा पर्याय घ्या, यादीतून निवडायला सांगा आणि ‘यूएसबी व्हिडिओ डिव्हाइस’ निवडा. हाच तो सामायिक, १४ नंबरवाला. कंपनीचे खास इफेक्ट जातील, पण चेहरा दिसेल, मीटिंगला तेवढं पुरतं.

‘तुमचे ड्रायव्हर कालबाह्य झालेत, एका क्लिकवर सगळे नवे करा’ म्हणणारी सॉफ्टवेअरं मात्र घेऊ नका. ड्रायव्हर गाभ्याच्या इतक्या जवळ चालतो की त्याची एक चूक अख्खं यंत्र पाडू शकते. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले, तेही अशाच गाभ्यात चालणाऱ्या ड्रायव्हरमुळे. चालणारा ड्रायव्हर जुना आहे, एवढा गुन्हा बदलायला पुरेसा नाही. बदलायचाच असेल तर लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, आपलं मॉडेल बघून.

एक अपवाद आहे. काही नव्या पातळ लॅपटॉपांत कॅमेरा यूएसबीवर नसतो. तो मोबाइलसारखा थेट प्रोसेसरला जोडलेला असतो आणि चित्र घडवण्याचं काम प्रोसेसरमधला खास भाग करतो. तिथे १४ चा मंत्र चालत नाही, कंपनीचाच ड्रायव्हर लागतो.

एवढं करूनही कोड ४३ हटत नसेल तर कॅमेऱ्याचं ॲप उघडून स्क्रीन सावकाश पुढे-मागे करा. एका ठराविक कोनात चित्र येऊन पुन्हा जात असेल तर बिजागरीतली वायर झिजली आहे. मग खुशाल दुकानात जा, पण कॅमेरा बदलायच्या आधी वायर तपासायला सांगा.