ब्यॉर्न डॅलीचा दम फुप्फुसांत नव्हता

मॅरेथॉनचा मोसम जवळ आला की धावणाऱ्यांच्या गटांत एक सल्ला हमखास फिरू लागतो: स्टॅमिना हवा असेल तर फुप्फुसांची ताकद वाढवा. सोबत फुगे फुगवण्याचे आणि कोविडच्या दिवसांत घरोघरी आलेल्या त्या तीन चेंडूंच्या यंत्रातून श्वास ओढण्याचे व्यायाम सांगितले जातात. आजारातून उठलेल्या माणसाला डॉक्टरांनी हे व्यायाम दिले असतील तर ते त्याने जरूर करावेत. पण धडधाकट माणसाचा दम फुप्फुसं लहान म्हणून संपत नाही. हे नीट समजून घ्यायचं तर नॉर्वेच्या ब्यॉर्न डॅलीकडे बघावं.

डॅलीचा जन्म 1967 चा आणि खेळ क्रॉस-कंट्री स्कीइंग. डोंगरउतारावरून सुसाट खाली येण्याचं स्कीइंग वेगळं. क्रॉस-कंट्रीत चढसुद्धा स्वतःच्या ताकदीवर चढायचे असतात, पायांनी ढकलत आणि दोन्ही हातांतल्या काठ्या बर्फात रोवून शरीर पुढे रेटत. 1988 च्या कॅलगरी ऑलिंपिकला डॅली राखीव खेळाडू म्हणून गेला आणि एकही शर्यत न खेळता परतला. चार वर्षांनी आल्बेरव्हीलला त्याने तीन सुवर्णपदकं घेतली. तिथल्या रिलेत नॉर्वेची आघाडी एवढी होती की शेवटची रेषा त्याने उलटा वळून, पाठमोरा ओलांडली. 1994 मध्ये घरच्या लिलेहामरला दोन सुवर्णं मिळाली, मात्र रिलेत इटलीने नॉर्वेला 0.4 सेकंदाने हरवलं. 1998 च्या नागानोत पुन्हा तीन. एकूण आठ सुवर्ण आणि चार रौप्य. मोसमभराच्या कामगिरीवर ठरणारा विश्वचषक त्याने सहा वेळा जिंकला तो वेगळाच.

नागानोतली 50 किलोमीटरची शर्यत तर पुन्हा पुन्हा पाहावी अशी आहे. डॅलीला 2 तास 5 मिनिटं 8 सेकंद लागली, आणि स्वीडनचा निक्लास योन्सन त्याच्यामागे जेमतेम आठ सेकंदांवर होता. चढउतार धरून सरासरी वेग ताशी 24 किलोमीटर! रेषा ओलांडताच डॅली बर्फावर कोसळला. त्याच ऑलिंपिकमधला एक प्रसंग विज्ञानाचा नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. 10 किलोमीटरची शर्यत जिंकल्यावर डॅली रेषेपाशी थांबून राहिला, कारण केनियाचा फिलिप बोइट सर्वांत शेवटी, बऱ्याच मागून येत होता. तो पोचल्यावर डॅलीने त्याला मिठी मारली. बोइटने पुढे आपल्या मुलाचं नाव डॅली ठेवलं.

आता त्या प्रसिद्ध आकड्याकडे वळू. शरीर पूर्ण ताकदीने राबत असताना मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, या मापाला व्हीओटू मॅक्स म्हणतात. ते वजनाच्या दर किलोमागे मिलिलिटरमध्ये सांगतात. व्यायामाची फारशी सवय नसलेल्या निरोगी तरुणाचा आकडा 40 च्या आसपास असतो. डॅलीचा 96 होता असं सगळीकडे छापून येतं. त्या मोजणीच्या अचूकपणावर शंका घेणारे अभ्यासक आहेत, म्हणून आपण 90 धरू. 75 किलोच्या माणसाला 90 म्हणजे मिनिटाला पावणेसात लिटर ऑक्सिजन. आपल्या 40 वाल्या तरुणाचा, वजन तेवढंच धरलं तर, तीन लिटर.

हा फरक येतो कुठून? 1870 मध्ये आडोल्फ फिक या जर्मन शास्त्रज्ञाने एक साधा हिशेब मांडला. शरीराने वापरलेला ऑक्सिजन म्हणजे हृदयाने मिनिटाला फेकलेलं रक्त, गुणिले दर लिटर रक्तातून शरीराने काढून घेतलेला ऑक्सिजन. बस, एवढंच.

हा हिशेब आपण करून पाहू. एक लिटर रक्तात हिमोग्लोबिनला धरून साधारण 200 मिलिलिटर ऑक्सिजन असतो. जोराच्या व्यायामात सामान्य तरुण त्यातला सुमारे 150 मिलिलिटर काढून घेतो, अव्वल स्कीपटू 170 च्या आसपास. म्हणजे इथे फरक आहे, पण थोडा. मग पावणेसात लिटर ऑक्सिजनसाठी रक्त किती लागेल? 6.75 भागिले 0.17, म्हणजे मिनिटाला जवळजवळ 40 लिटर. आंघोळीच्या वीस लिटरच्या दोन बादल्या, दर मिनिटाला, मुठीपेक्षा थोड्या मोठ्या एका स्नायूने उपसायच्या! सामान्य तरुणाचं हृदय याच्या निम्मं, म्हणजे 20 लिटरपर्यंत जातं. आणि गंमत अशी की ठोक्यांचा कमाल वेग दोघांचा सारखाच, मिनिटाला 190 च्या घरात. तेव्हा सगळा फरक एका ठोक्यात येऊन बसतो: सामान्य माणसाचं हृदय ठोक्याला 100 मिलिलिटर रक्त फेकतं आणि स्कीपटूचं 200 च्या वर.

190 ठोके म्हणजे एका ठोक्याला सेकंदाचा तिसरा हिस्साही मिळत नाही. त्यातला काही वेळ आकुंचनात जातो. उरलेल्या क्षणात डाव्या निलयात, म्हणजे शरीराला रक्त फेकणाऱ्या हृदयाच्या कप्प्यात, 200 मिलिलिटरहून जास्त रक्त शिरायला हवं. म्हणून जोराने पिळणाऱ्या हृदयापेक्षा झटकन सैल होऊन भरणारं हृदय इथे जास्त मोलाचं ठरतं. वर्षानुवर्षांच्या तालमीने रक्ताचं एकूण प्रमाण वाढतं, आधी रक्तद्रव आणि मग लाल पेशी. जास्त रक्त हृदयाकडे परत येतं, निलयाच्या भिंती जास्त ताणल्या जातात, आणि ताणलेला हृदयस्नायू पुढच्या ठोक्याला आपोआप जास्त जोराने आकुंचन पावतो. हळूहळू निलयाची पोकळीच मोठी होते. स्वीडनच्या उप्साला इथले डॉक्टर हेन्शेन यांनी 1899 मध्ये स्कीपटूंच्या छातीवर नुसत्या बोटांनी ठोकून, आवाजातल्या फरकावरून हृदयाची कड शोधली आणि ती हृदयं मोठी असल्याचं सांगितलं. पुढे 1967 मध्ये स्वीडनच्याच साल्टिन आणि ओस्ट्रांड यांनी वेगवेगळ्या खेळांतल्या खेळाडूंची ऑक्सिजन-क्षमता मोजली. त्यात क्रॉस-कंट्री स्कीपटू सर्वांत वर होते.

फुप्फुसांचं काय? सामान्य माणूस थकून कोसळतो तेव्हाही त्याच्या श्वसनाची क्षमता शिल्लक असते आणि धमन्यांतलं रक्त ऑक्सिजनने जवळपास भरलेलंच असतं. 2020-21 मध्ये आपण सगळेच बोटाला ऑक्सिमीटर लावून बसलो होतो. निरोगी माणसाला तिथे 97-98 दिसायचं. भरलेल्या भांड्यात आणखी काय ओतणार? तरीही दीर्घश्वसनाने रक्तातला ऑक्सिजन दुप्पट होतो, असं ठासून सांगणाऱ्या चित्रफिती रोज येतात, आणि ऑक्सिजनचे डबे ‘ताजेतवाने व्हा’ म्हणत विकले जातात. प्राणायामाने मन शांत होत असेल तर तो आनंदाने करावा. हिमोग्लोबिनमध्ये मात्र त्याने नवी जागा तयार होत नाही. हा दावा विज्ञानाच्या नावावर खपवणं मला मान्य नाही.

डॅलीच्या पातळीवर मात्र एक वेगळीच अडचण उभी राहते. फुप्फुसांच्या केशवाहिन्यांतून रक्ताचा थेंब विश्रांतीत पाऊण सेकंदात जातो. मिनिटाला 40 लिटर रक्त धावू लागलं की त्याला मिळणारा वेळ फार कमी होतो, आणि वायुकोशातून ऑक्सिजन भरून घेण्याआधीच काही रक्त पुढे निघून जातं. अशा खेळाडूंच्या धमन्यांतली ऑक्सिजन-संपृक्तता शर्यतीत 92-93 टक्क्यांच्याही खाली उतरू शकते. म्हणजे फुप्फुसं कमी पडतात ती फक्त अशांची, ज्यांचं हृदय फुप्फुसांच्या पुढे निघून गेलं आहे.

दुसरी अडचण वाटणीची. 1985 मध्ये कोपनहेगनला साल्टिन आणि अँडरसन यांनी फक्त मांडीचा पुढचा स्नायू राबवून पाहिला. त्याने किलोमागे मिनिटाला सुमारे अडीच लिटर रक्त ओढलं. स्कीपटू हात, पाठ, पोट, पाय असा 25-30 किलो स्नायू एकाच वेळी राबवतो. सगळ्यांनी त्याच हावेने रक्त मागितलं तर 60-75 लिटर लागेल, आणि हृदयाकडे आहेत 40. सगळ्या वाहिन्या एकदम मोकळ्या सुटल्या तर रक्तदाब कोसळून माणूस बेशुद्ध पडेल. म्हणून अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे आपल्या नकळत रक्तवाहिन्यांना ताब्यात ठेवणारं मज्जातंतूंचं जाळं, राबत्या स्नायूंच्याच धमनिका आवळून धरते. हातांचे आणि पायांचे स्नायू एकाच रक्तासाठी भांडत असतात आणि ही यंत्रणा प्रत्येकाला थोडं कमीच देते. इतक्या मोठ्या हृदयालाही पुरून उरेल एवढी मागणी या खेळात असते, आणि म्हणूनच हे हृदय या खेळात घडतं.

हाच हिशेब फसवणुकीची वाटही दाखवतो. लिटरमागचे 200 मिलिलिटर वाढवायचे तर लाल पेशी वाढवा, आणि एरिथ्रोपोएटिन या, लाल पेशी बनवायला लावणाऱ्या संप्रेरकाच्या इंजेक्शनने त्या वाढतात. 1990 च्या दशकात या खेळावर ती सावली पडली. 2001 मध्ये फिनलंडमधल्या लाहती इथल्या जागतिक स्पर्धेत यजमानांचे सहा स्कीपटू रक्तद्रवाचं प्रमाण वाढवणाऱ्या द्रावणाबद्दल पकडले गेले. दाट झालेलं रक्त चाचणीपुरतं पातळ दाखवायला असं द्रावण उपयोगी पडतं.

डॅलीची कारकीर्द थांबवली ती पाठीने. 1999 च्या ऑगस्टमध्ये रोलर-स्कीवर, म्हणजे बर्फ नसताना सरावाला वापरतात त्या चाकांच्या स्कीवर, त्याला अपघात झाला. त्याच वर्षी त्याने सहावा विश्वचषक जिंकला होता. पाठ पूर्ववत झाली नाही, आणि 2001 च्या मार्चमध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली.

घड्याळात दिसणाऱ्या व्हीओटू मॅक्सच्या आकड्यावरून हल्ली लोक स्वतःची आणि इतरांची लायकी ठरवतात. तो आकडा हृदयगतीवरून आणि वेगावरून काढलेला अंदाज असतो. पण खरा मोजलेला आकडा तरी किती सांगतो? नॉर्वेचाच ऑस्कर स्वेन्सन हा सायकलपटू 2012 मध्ये, अठराव्या वर्षी, 97 च्या आसपास पोचला. त्याच वर्षी तो कनिष्ठ गटात टाइम ट्रायलचा, म्हणजे घड्याळाविरुद्ध एकट्याने करायच्या शर्यतीचा, जगज्जेताही झाला. दोन वर्षांत त्याने स्पर्धात्मक सायकलिंग सोडलं. सोडल्यावर पंधरा महिन्यांनी त्याला पुन्हा मोजलं तेव्हा आकडा 77 वर आला होता. आपल्या 40 वाल्या तरुणाच्या तो अजूनही जवळजवळ दुप्पट होता, आणि तोही तालीम बंद असताना.